गुलाबी फितीची डॉक्टर

आमच्याकडे फॉर्म नवरा भरतो. रेशनकार्ड, गॅसचं कनेक्शन, सोसायटीची कागदपत्रं, मुलीची कॉलेज ॲडमिशन, सगळं. कुटुंबप्रमुख म्हणून वर त्याचं नाव, खाली माझं. इतक्या वर्षांत मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट बरंच वाटायचं, एक कटकट परस्पर गेली. मूर्खपणा माझा. पहिला राग मला माझाच येतो, ते आधीच सांगून टाकते. बाकीच्यांचा नंबर येईलच.

आम्ही दोघंही डॉक्टर. एकाच कॉलेजातले, एकाच बॅचचे, म्हणून मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरेच करते. मार्क माझे जास्त होते. हे आता सांगून काही उपयोग नाही, पण सांगते. डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचा दवाखाना आहे. दोन खोल्या, दोन टेबलं आणि बाहेर एक बाक. बायका बहुतेक माझ्याकडे येतात, पुरुष त्याच्याकडे, लहान पोरं जिथे आधी रिकामं होईल तिथे.

डॉक्टरला दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नव्याने करून घ्यावं लागतं. त्यासाठी पॉइंट लागतात, आणि पॉइंट मिळतात सेमिनारला, लेक्चरला बसून. शिकत राहा, एवढाच त्याचा अर्थ. हे सेमिनार असतात रविवारी. आणि रविवारी सासूबाईंना सांभाळणारी बाई सुट्टीवर. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कुशीवर वळवायला, भरवायला कुणीतरी घरात हवं. ते कुणीतरी म्हणजे मी, यावर कधी चर्चाही झाली नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून सेमिनारला जायचा आणि येताना माझ्यासाठी तिथलं कोरं पॅड आणि पेन आणायचा. सासूबाई गेल्या तेव्हा त्याचे पॉइंट हवे त्यापेक्षा जास्त होते. माझे सहा कमी होते, आणि मुदत संपायला चार महिने होते.

अशात त्याच्या ठाण्याच्या मित्राने बेत काढला. हा मित्र हाडांचा डॉक्टर, असल्या सहली काढण्यात पटाईत. कोपनहेगनहून जहाज, आठ दिवस नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्या, आणि जहाजावरच परिषद. रोज सकाळी लेक्चर, दुपारी भटकंती, वर पॉइंटही. नवरा मला म्हणाला, तुझे सहा पॉइंट तिथेच होऊन जातील, शिवाय आपण दोघं कधी कुठे गेलोच नाही. खरंच गेलो नव्हतो. मला इतका आनंद झाला की मी नवी वही घेतली. पन्नाशी उलटलेली बाई, शाळेत निघाल्यासारखी वही घेऊन निघाले.

जहाजावर चढल्या चढल्या गळ्यात अडकवायच्या फिती वाटल्या. त्याची निळी, माझी गुलाबी. मला वाटलं, बायकांना गुलाबी. मग शेजारी बघितलं, कल्याणच्या एका त्वचारोगवाल्या बाईंच्या गळ्यात निळी. माझं कार्ड उलटून पाहिलं. सौ. अमुक तमुक, आणि खाली, सोबत आलेली व्यक्ती. ‘डॉक्टर’ हा शब्द कुठेच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं तर म्हणाला, अगं, फॉर्ममध्ये पहिलं डेलिगेट आणि खाली पत्नी असंच होतं, मी भरून टाकलं. भरून टाकलं. बत्तीस जण होतो आम्ही, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण मिळून. त्यातल्या चार गुलाबी फिती डॉक्टरांच्या होत्या, चौघींचेही फॉर्म नवऱ्यांनी भरलेले. ठाण्याच्या एक बालरोगतज्ज्ञ मला म्हणाल्या, जाऊ दे गं, बरंच झालं, निवांत फिरू. त्यांचे पॉइंट झालेले होते. माझं काय?

मित्राकडे गेले. तो म्हणाला, यादी आपण निघायच्या आधीच मेडिकल कौन्सिलकडे गेली, आता त्यात नाव घालता येत नाही. मी म्हटलं, ठीक, पॉइंट नको देऊस, लेक्चरला तर बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन हॉलच्या दाराशी पोचले, तर हा दारात उभा.

“वहिनी, तुमचा कार्यक्रम वरच्या डेकवर आहे,” तो म्हणाला.

“मी डॉक्टर आहे.”

“हो हो, माहितीये ना वहिनी.”

मी त्याच्या बाजूने आत शिरून बसले. वरच्या डेकवरचा कार्यक्रम काय होता, सांगू? हळदीकुंकू. ना चैत्र, ना संक्रांत, उत्तर समुद्रात हळदीकुंकू. अत्तरदाणी ठाण्याहून नेलेली. वाण म्हणून फ्रिजला चिकटवायचं छोटं जहाज. त्यानंतर साडी नेसण्याची स्पर्धा. ते चुंबक अजून आमच्या फ्रिजवर आहे, नवऱ्यानेच लावलं, कौतुकाने.

आणि खाली हॉलमध्ये? दाराशी हजेरीचा कागद होता, सगळ्या निळ्या फितींच्या सह्यांनी भरलेला. आत खुर्च्या रिकाम्या. सही करायची आणि मागच्या दाराने धबधबे बघायला पळायचं, ही पद्धत. एकाने चौघांच्या सह्या करायच्या, ही त्याहून जुनी पद्धत. आमचे डॉक्टरसाहेब पहिल्या दिवशी अर्धा तास बसले. नंतर रोज सही, आणि डेकवर चिवडा. डोंगर काय ते सुंदर होते म्हणे, सरळ पाण्यातून वर गेलेले. मी ते त्याच्या फोनमध्ये पाहिले. बरोबर आहे, सुंदर होते. तू ये ना वर, असं तो रोज सांगायचा, आणि मी जायचे नाही. हट्ट म्हणा. हट्टच होता.

तिसऱ्या दिवशी एका बंदरातून तिथल्याच एक वयस्कर हृदयरोगतज्ज्ञ बाई चढल्या. लेक्चरचा विषय, बायकांचा हार्ट अटॅक. समोर आम्ही सहा जण, त्यातले दोघं पेंगत होते. बाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि हॉल भरलेला असल्यासारख्या शिकवायला लागल्या. छातीवर हात दाबून कोसळणारा पुरुष सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, म्हणाल्या. बाई तशी येत नाही. ती म्हणते पाठ भरून आलीय, जबडा ठणकतोय, मळमळतंय, दोन दिवस अंगात त्राण नाही. आणि आपण तिला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतो. मी भराभर लिहून घेत होते. आपण अशा किती जणींना पाठवलं असेल, हा विचार आला आणि ती ओळ मी दोनदा अधोरेखित केली. नंतर बाईंनी माझं कार्ड बघितलं आणि विचारलं, तुम्ही कुणाबरोबर आलात? मी कार्ड वहीखाली सरकवलं.

त्या दुपारी नवरा समजुतीचं बोलायला आला. मी मित्राला पटवतो, म्हणाला, कागदावर कुठेतरी तुझी सही घुसवू, वर कळवताना चूक झाली होती म्हणून सांगेल तो. मला इतका संताप आला की हातातला चहा खाली ठेवावा लागला. अख्ख्या जहाजावर प्रत्येक लेक्चरला बसलेली डॉक्टर मी एकटी, आणि चोरून घुसवायची ती माझी सही? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तुझा ना, नेहमीचा तत्त्वाचा ताप असतो.

परत आलो. पुढच्या सेमिनारच्या तारखा मुदतीनंतरच्या होत्या. मुदत संपली आणि माझं रजिस्ट्रेशन थांबलं. कोण बघायला येतंय, बस की खुर्चीत, असं तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. पण मी चिठ्ठी लिहायची तर खाली माझा रजिस्ट्रेशन नंबर पडतो, आणि तो नंबर त्या दिवसांत चालू नव्हता. मी खुर्चीत बसले नाही. घरीही बसवेना. त्यातच आमची नंबर लावणारी बाई गावी गेलेली, म्हणून मी बाहेरच्या काउंटरवर बसले. सव्वीस वर्षं डॉक्टर म्हणून जिथे बसले, त्या दाराबाहेर नंबर वाटत होते. पेशंट बायका विचारायच्या, मॅडम, तुम्ही इथे का? मी म्हणायचे, बदल. काही जणी आत न जाताच परत जायच्या. त्याचं जहाजावरच्या परिषदेचं प्रमाणपत्र तोवर फ्रेम करून त्याच्या खुर्चीमागे लागलं होतं, त्यावर प्रत्येक लेक्चरचा विषय छापलेला.

एका सोमवारी सकाळी गर्दी होती. मानपाडा गावातली एक बाई आली, माझी जुनी पेशंट. शेती गेली, तिथे टॉवर उभे राहिले, तरी पहाटे उठून दहा माणसांच्या भाकऱ्या थापणारी. ती माझ्याकडेच दाखवायला आलेली. मी सांगितलं, आज साहेबांना दाखवा. ती आत गेली आणि तीन मिनिटांत बाहेर आली. हातात पित्ताच्या गोळीची चिठ्ठी. बाकावर बसली ती उठेचना. जवळ गेले तर कपाळावर घाम, पंख्याखाली.

“काय नाय मॅडम, पित्त झालाय,” ती म्हणाली. “पाठ भरून आली, न् दाढ ठणकतेय परवापासून.”

मी तिला दंडाला धरून परत आत नेलं. आतला पेशंट बाहेर काढला. नवऱ्याला म्हटलं, ईसीजी काढ. तो वैतागला. अगं, बाहेर बारा जण बसलेत, हिने रात्री तळलेलं खाल्लंय, मी विचारलंय.

मी त्याच्या डोक्यामागच्या फ्रेमवर बोट ठेवलं. “तिसऱ्या दिवसाचं लेक्चर. तुझी सही आहे त्याला. मी बसले होते.”

 तो उठला आणि मशीन ओढलं. कागद बाहेर येताना त्याचा चेहरा उतरत गेला, तो मी पाहिला. पुढे भराभर झालं. रक्त पातळ करायची गोळी दिली, तिच्या मुलाला फोन केला, गाडी आली. हॉस्पिटलसाठी चिठ्ठी त्यानेच लिहिली, कारण मला लिहिता येत नव्हती. संध्याकाळी फोन आला. अँजिओप्लास्टी झाली, बाई वाचली, थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, कुणी ओळखलं, फार छान ओळखलं. चिठ्ठीवर सही ज्याची, त्याचं नाव त्यांना सांगितलं गेलं.

दहा दिवसांनी ती मुलाबरोबर पेढे घेऊन आली. दवाखाना भरलेला. मुलगा नवऱ्याच्या पाया पडला. साहेब, तुम्ही आईला वाचवलंत, म्हणाला. मी काउंटरवर होते, दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मुलाचं चालूच होतं. मी थांबले. एक वाक्य लागत होतं फक्त. नवऱ्याने पेढा घेतला आणि म्हणाला, अहो, कर्तव्यच आहे ते.

दवाखाना बंद करताना तो हळूच म्हणाला, “खरं तर तू ओळखलंस.”

“हे मघाशी बोलायचं होतंस,” मी म्हटलं. “दार उघडं होतं तेव्हा.”

 पेढ्यांचा डबा घरी आला. मी एकही खाल्ला नाही. तीन दिवसांनी ते खराब झाले, टाकून दिले.

नंतरचे सलग तीन रविवार मी ठाण्याला गेले, बाळकुमच्या एका कॉम्प्लेक्समधल्या हॉलमध्ये. तिथेही दाराशी कागद होता, सह्या भरपूर आणि माणसं थोडी. मी सही केली आणि शेवटपर्यंत बसले. सहा पॉइंट झाले. रजिस्ट्रेशन चालू झाल्याचा मेसेज आला त्या दुपारी मी काउंटरवरून उठले, आत जाऊन माझ्या खुर्चीवरची त्याची जर्किनं आणि फायली जमिनीवर ठेवल्या, आणि पहिला नंबर पुकारला.

आता परवा मित्राचा मेसेज आला. पुढच्या वर्षी पुन्हा जहाज, या वेळी स्वीडन आणि फिनलंड. नवऱ्याची नव्या पाच वर्षांची सुरुवात आहे, पॉइंटांची पाटी कोरी. तो आंघोळीला गेला होता. लिंक दोघांच्या फोनवर आली होती. मी चहा घेत फॉर्म भरला. डेलिगेट, मी. सोबत आलेली व्यक्ती, तो.

त्याने बाहेर येऊन वाचलं. आधी हसला, मग पाठवून झालाय हे दिसल्यावर हसायचा थांबला. अगं, मग मला पॉइंट कसे मिळणार, म्हणाला.

“पॉइंट नाही मिळणार,” मी म्हटलं. “लेक्चरला बस. बाहेर काढत नाहीत, मी बसून बघितलंय.”