मैदानभर रांगोळी

प्रतिक्षाला हसू आवरत नाही, हा तिचा जन्मजात दोष. वरकुट्यात मामाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींना शिंक आली, तर ही एवढी हसली की तिला मांडवाबाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. बारामतीत बी.एड.ला पहिल्या सराव पाठाला ती फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटं नुसती हसत उभी होती. मागे बसलेल्या निरीक्षकांना वाटलं, बाई फारच बारीक अक्षरात काहीतरी लिहितायत. त्यांनी सुवाच्य अक्षराचे दोन गुण कापले.

घर धनगराचं. आजोबा मेंढरं घेऊन घाट उतरायचे. वडील बिरू मात्र हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतात, आणि उरलेल्या वेळात पोरगी मास्तरीण होणार म्हणून गावाला सांगत फिरतात. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली की त्या रांगेतल्या ड्रायव्हरांना प्रतिक्षाचे बी.एड.चे विषय ऐकून ऐकून पाठ झालेले असतात. एकानं तर बिरूला विचारलं होतं, "आबा, आता परीक्षा आमीच देऊ का?"

सगळे विषय ठीक होते. अडलं ते चित्रकलेपाशी. प्रतिक्षानं गाय काढली की ती बाजेसारखी दिसायची. मेंढरं तर जन्मापासून अंगणात पाहिलेली, पण कागदावर उतरली की त्यांचे ढग व्हायचे. त्यामुळे स्वरूपा मॅडमनी वर्गात "कला आणि सामाजिक न्याय" असा उपक्रम जाहीर केला तेव्हा ती हळूच मागच्या बाकावर सरकली.

"ज्या शाळेत इंटर्नशिप आहे तिथला एक अन्याय शोधा," मॅडम म्हणाल्या, "आणि कलेनं त्याला हात घाला. भाषण नको, घोषणा नको, तक्ता तर मुळीच नको. मी प्रत्येकाच्या शाळेत येऊन बघणार आहे."

तिची शाळा कळंबच्या अलीकडे एका वस्तीवर होती. अन्याय शोधायला फार हिंडावं लागलं नाही, तो व्हरांड्यातल्या फळ्यावर रीतसर लिहूनच ठेवला होता. 'आजची सफाई' असं वर ठळक अक्षरात, आणि खाली सोमवार ते शनिवार सगळी नावं मुलींची. मुली शाळा भरायच्या आधी येऊन मैदान झाडायच्या, सडा मारायच्या. मग त्या लखलखीत मैदानावर दिवसभर मुलांची कबड्डी चालायची आणि मुली व्हरांड्यात बसून गजगे खेळायच्या.

"सर, ह्यात मुलांची नावं नाहीत?" तिनं मुख्याध्यापकांना विचारलं.

दादासो सर माणूस लाखातला. गरीब पोरांच्या वह्या स्वतः आणून देणारा. पण ह्या प्रश्नावर ते मनापासून चकित झाले. "मुलं घंटा वाजवतात की!" म्हणाले. घंटा एक होती आणि मुलं एक्केचाळीस.

आठवीतली सारजा त्या दिवशी तिच्या मागे मागे एसटीच्या थांब्यापर्यंत आली. सारजा म्हणजे हाडं, वेणी आणि वेग. शेरडांमागे धावून धावून तिला चालणं असं ठाऊकच नव्हतं.

"बाई, आमचा खो-खोचा संघ हाय. पुढच्या महिन्यात इंदापूरला तालुक्याच्या स्पर्धा हायत. नावं बी गेल्यात."

"मग चांगलंच की गं."

"व्हय. पण आमी अजून येकदा बी खेळलो न्हाय. ग्राउंड कुठं गावतंय?"

प्रतिक्षाला हसू आलं नाही, राग आला. तिनं स्वतः दहावीपर्यंत आपल्या शाळेचं मैदान झाडलं होतं. त्याचा खडा न खडा तिच्या ओळखीचा होता, आणि त्यावर ती एकदाही धावली नव्हती. तेव्हा ह्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही, ह्याचा तिला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी तिनं सरांकडे मुलींसाठी रोजचा एक तास मागितला. सर म्हणाले, "बघू." इंटर्नशिपचा शेरा सरांच्याच हातात होता, म्हणून तिनं जीभ आवरली. 'बघू' म्हणजे 'न्हाय' हे तिला आईचं ऐकून चांगलं ठाऊक होतं.

वाट सापडली ती अशी. एका सकाळी झाडून झाल्यावर सातवीतल्या मनिषानं पायरीसमोर हाताएवढी रांगोळी काढली. तेवढ्यात कबड्डीचा कप्तान ऋषिराज कुणाच्या तरी मागे सुसाट आला, आणि रांगोळीपाशी असा काही थबकला की एका पायावर तीनदा गरकन फिरला आणि वळसा घालून गेला. दुसऱ्याच्या फडातला ऊस मोडताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, त्यानं रांगोळीला पाय लागू दिला नाही. प्रतिक्षा व्हरांड्याचा खांब धरून हसायला लागली.

"सारजे," हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आख्ख्या ग्राउंडला रांगोळी किती लागंल गं?"

सारजानं मैदानावरून नजर फिरवली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून प्रतिक्षाला पुन्हा खांब धरावा लागला.

मॅडम येणार त्या शनिवारी सकाळची शाळा होती. सत्तावीस मुली सहालाच हजर. आधी सगळं मैदान झाडलं, कारण पाळी चुकवली असं कुणी म्हणायला नको. मग चौकोन पाडले. प्रत्येकीनं आपल्या चौकोनात स्वतःलाच काढायचं, मैदान मिळालं तर काय खेळेन ते. दोरीवरच्या उड्या आल्या, सायकल आली, मनिषानं तर स्वतःला विकेटमागे उभं केलं. मेंढरांना खुणा करायला बिरूनं आणलेला गेरू प्रतिक्षानं घरातून उचलून आणला होता, तो सगळ्यांच्या परकरांना लागला. मुली व्हरांड्यापासून सुरुवात करून मागे मागे सरकत फाटकाबाहेर पोचल्या. घर सारवताना दाराकडे मागे सरायचं, हे इथल्या पोरींना दुधाचे दात पडायच्या आत येतं.

येत नाही ते एकट्या प्रतिक्षाला. मधला चौकोन तिचा होता. ती त्यात इतकी रमली की मान वर केली तेव्हा चारी बाजूंनी कुंपणापर्यंत रांगोळी, आणि मधोमध टीचभर मोकळ्या जागेवर ती. तिनं काढलेली मुलगी घागरीसारखी दिसत होती ती वेगळीच.

"बाई, तुमी आतच राह्यला!" फाटकाबाहेरून सारजा ओरडली.

एवढ्यात मुलं आली. पाठोपाठ दादासो सर, आणि त्यांच्यासोबत बारामतीहून आलेल्या स्वरूपा मॅडम. सगळे फाटकाशी थांबले. ऋषिराजनं पाय उचलला, खाली बघितलं आणि परत ठेवला.

"अहो बाई, काय हे? बाहेर या!" सर ओरडले.

"कशी येऊ सर? तुडवू का?"

"छे छे! तुडवू नका!" सर दचकून म्हणाले, आणि मग तसेच उभे राहिले. कचेरी मैदानापलीकडे, किल्ली खिशात.

स्वरूपा मॅडम वही काढून लिहायला लागल्या. "कला बोलतेय, सर," त्या म्हणाल्या.

"बोलू द्या की मॅडम, पण मला हापिसात तरी जाऊ द्या," सर म्हणाले, आणि मुलींकडे वळले. "चला गं, घ्या खराटे. वाट करा."

खराटे सारजानं फाटकाशीच ओळीनं टेकवून ठेवले होते. पण एकही मुलगी हलली नाही.

"सर, आमी सहालाच झाडलंय," सारजा म्हणाली. "आमची पाळी झाली."

मैदानाच्या मध्ये प्रतिक्षाला सगळं ऐकू आलं. शेरा गेला, हे ती धरूनच चालली. आणि त्याच वेळी तिला असं काही हसू फुटलं की ती तिथल्या तिथे उकिडवी बसली.

सरांनी मुलांकडे बघितलं. मुलांनी ऋषिराजकडे. ऋषिराजनं खराटा उचलला आणि सगळी धूळ सरांच्या पँटीवर उडवली.

"वाक की रं!" मनिषा ओरडली. "वाकल्याबिगर येत न्हाय त्ये!"

"वाऱ्याकडं तोंड करून कोण झाडतं का?" दुसरी म्हणाली. मग सत्तावीस जणी एकदम शिकवायला लागल्या. चार हात जागा झाडली आणि जिल्ह्याला खेळणारा कप्तान कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सरांनी त्याच्या हातातून खराटा घेतला. "हो बाजूला," म्हणाले आणि स्वतःच वाकले. बाकीची मुलं उरलेले खराटे घेऊन त्यांच्या दोन्ही बाजूंनी लागली.

सरांचा खराटा चालत होता. शर्ट पाठीला चिकटला. अर्ध्या वाटेत ते एका चौकोनापाशी अडखळले. त्यात एक हाडकुळी पोरगी वेणी उडवत धावत होती, पुढे ना शेरडू ना मेंढरू. सरांनी तो चौकोन तसाच ठेवला आणि बाजूनं झाडत पुढे सरकले. प्रतिक्षापाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"सर, शेरा..." ती उठून उभी राहिली.

"थांबा वो बाई." त्यांनी कपाळ पुसलं आणि मागे वळून फाटकापर्यंत बघितलं. "सत्तावीस वर्षं झाली मला ह्या शाळंत. ग्राउंड एवढं मोठं हाय, ते आज कळलं."

मग त्यांनी फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "सारजा! मोकळं झालंय तेवढ्यावर खो-खो चालू करा. बाकीचं आमी झाडतो!"

सारजा वाक्य संपायची वाट बघत थांबली नव्हती.