जिल्ह्याचा रकाना

सरासरीवर एवढा जीव टाकणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी माझ्या साडभाऊंबद्दल बेधडक सांगतो. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं असतं तर ते खूश मात्र झाले नसते. "जिल्ह्यात न्हाई म्हणता, ठीक हाय. राज्यात किती हायत? देशात किती?" असं त्यांनी लगेच विचारलं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत माझ्या ओट्यावरून हलले नसते. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली, म्हणून आम्ही साडू. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी पाथरीला शाळेत मराठी शिकवत होतो आणि ते परभणीला एका सरकारी कचेरीत जिल्ह्यातल्या मृत्यूंची आकडेवारी जमवत होते. गावोगावचे ग्रामसेवक फौतीचं रजिस्टर ठेवायचे, त्याच्या नकला तालुक्यावरून साडभाऊंच्या टेबलावर यायच्या आणि कोण कशानं मेलं याची बेरीज करून ते ती वर पाठवायचे. काम म्हणावं तर रुक्ष, पण हा माणूस त्यात रंगून जायचा. वार्षिक तक्ता पुरा झाला की त्या दिवशी घरी शिरा करायला सांगायचा. शिरा कशाबद्दल हे शेजारणींना सांगायचं नाही, असा माझ्या मेहुणीने आपला आपणच नियम करून टाकला होता.

जिल्हा, राज्य आणि देश असे तीन रकाने त्यांच्या डोक्यात कायमचे आखलेले होते आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझा थोरला गणितात नापास झाला तेव्हा मी त्याला बदडायच्या बेतात होतो. साडभाऊंनी माझा हात धरला, वर्गात किती नापास झाले, तालुक्यात किती, हे विचारून घेतलं आणि "पोरगं चारचौघांसारखं हाय, मारू नका," असा निकाल दिला. एकदा आम्ही दोघं देवगाव फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होतो. गाडी आली ती भलत्याच उशिरा. चढायचं सोडून साडभाऊ खालून कंडक्टरला विचारत राहिले, की राज्यातल्या गाड्या साधारण किती उशिरानं येतात. कंडक्टर म्हणाला, "चढायचं तर चढा, न्हाई तर सरका." साडभाऊ हे उत्तर वहीत टिपून घेत होते तोवर गाडी निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते जाणवलं असेल असं वाटत नाही.

सगळ्यात कठीण काम म्हणजे त्यांना मयताच्या घरी नेणं. नात्यातले एक म्हातारे वारले, मुलगा धाय मोकलून रडत होता. साडभाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, "देशाच्या सरासरीपेक्षा लय जास्त जगले म्हातारबा. तुमाला तक्रारीला जागा न्हाई." मुलगा रडायचा थांबला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला. तेव्हापासून मेहुणी त्यांना दारातच बजावायची, "आत गेलं की 'वाईट झालं' म्हणायचं, पाणी प्यायचं आन् उठायचं." ते तेवढंच करायचे, पण आतल्या आत चुळबुळत असायचे हे मला कळायचं.

अशा माणसाच्या हाती एके वर्षी वरून एक छापील अहवाल आला. कोणत्या राज्यात कॅन्सरनं किती माणसं जातात, देशाच्या मानानं ते कमी की जास्त, गेल्या काही वर्षांत प्रमाण वाढतंय की घटतंय, असं सगळं त्यात होतं. साडभाऊ तो अहवाल जेवताना ताटाशेजारी घेऊन बसू लागले. मग त्यांनी एक मोठा आलेख काढला. देशाची रेघ लाल, राज्याची निळी आणि आपल्या जिल्ह्याची हिरवी. बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांनी तो लावला आणि येईल त्याला समोर उभं करून दाखवू लागले. लाल रेघ वर चाललेली, निळी कधी तिच्या जवळ तर कधी लांब, आणि हिरवी पार तळाला पसरलेली. "साडभाऊ, फर्क बगा," ते मला म्हणाले. "आपल्याकडं ह्यो रोग जवळपास न्हाईच. कामून न्हाई?"

या 'कामून'नं त्यांना झपाटलं. आधी त्यांनी ज्वारीला श्रेय दिलं, मग ज्वारी शेजारच्या जिल्ह्यातही खातात म्हणून काढून घेतलं. मग गोदावरीचं पाणी आलं, पण सगळा जिल्हा काही गोदावरीचं पाणी पीत नाही. कोरडी हवा, अंबाडीची भाजी, लाल मिरची, सगळ्यांना पाळीपाळीनं मान मिळाला. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला आलेल्या लोकांना ते रांगेत गाठून विचारत, "तुमच्यात कुणाला क्यान्सर झालाय का हो?" लोक देवाचं नाव घेऊन दुसरीकडे तोंड फिरवत, की साडभाऊ वहीत 'नाही' असं लिहीत. मला ते सगळं हास्यास्पद वाटायचं, पण त्यांच्याबरोबर मीही विचार करू लागलो होतो, हे कबूल केलं पाहिजे. आपल्या मागासलेल्या जिल्ह्याला एक तरी गोष्ट चांगली मिळाली आहे, याचं मलाही बरं वाटत होतं.

त्याच वर्षी सुगीत आमच्या सासूबाईंच्या गालात आतून एक चट्टा उठला. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणायचो. पोखर्णीच्या पलीकडे एका खेड्यात त्या मुलाजवळ राहायच्या. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, दुपारी तंबाखूची चिमूट गालात धरायची, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं व्यसन. चट्टा त्यांनी कुणाला दाखवला नाही; दाखवला तो साडभाऊंना, कारण जावई दवाखान्याच्या खात्यात आहे अशी त्यांची समजूत होती. साडभाऊंनी त्यांना उजेडाला बसवलं, तोंडात डोकावले आणि मोकळं हसले. "मामी, भ्यायचं न्हाई. तुमाला वाटायलाय तो रोग आपल्या जिल्ह्यात न्हाई. राज्यात हाय, देशात हाय, आपल्याकडं न्हाई." मी तिथंच बसलो होतो. मामींच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, माझाही गेला. मामींनी चट्ट्याला हळद लावायला सुरुवात केली आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

उन्हाळ्यात त्यांना भाकरी चावेना. माझी बायको हट्टाला पेटली आणि आम्ही मामींना औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड बघितलं, गळ्याखाली चाचपलं आणि आम्हाला बाहेर बोलावून रोगाचं नाव सांगितलं. "इतके महिने काय करत होता?" त्यांनी विचारलं. मी साडभाऊंकडे बघितलं नाही. आता उपाय थोडेच उरले आहेत, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर साडभाऊंनी गाडी किती वाजता निघाली हेसुद्धा टिपलं नाही.

मामींच्या गावात उतरल्यावर साडभाऊ घरी न जाता सरळ ग्रामपंचायतीत गेले आणि फौतीचं रजिस्टर मागितलं. मीही मागोमाग गेलो. ग्रामसेवक गरीब स्वभावाचा माणूस, त्यानं कौतुकानं पानं उलटून दाखवली. म्हातारपण, ताप, म्हातारपण, हगवण, म्हातारपण. साडभाऊंनी विचारलं, "हे कुणी ठरवलं?"

"साहेब, सांगणारा येतो आन् म्हणतो, मेली. म्या म्हणतो, कशानं? तो म्हणतो, अन्न सुटलं. आता अन्न सुटलं असं कसं लिवावं? मंग म्या एक पद्धत पाडली. पन्नाशीच्या पुढं म्हातारपण, अलीकडं ताप, लेकरू आसलं की हगवण. धा वर्षं झाली, वरून कधी इचारणा आली न्हाई."

ही विचारणा जिथून यायला हवी होती ते टेबल साडभाऊंचं होतं. परभणीला गेल्यावर त्यांनी भिंतीवरचा आलेख उतरवला, एवढं मेहुणीनं मला सांगितलं.

पुढच्या रविवारी ते मामींच्या खाटेशी जाऊन बसले. "मामी, म्या चुकलो," असं म्हणाले आणि रडू लागले. मामींना बोलताना त्रास व्हायचा, तरी त्या म्हणाल्या, "बापू, जीवाला कामून लावून घेता? माझी सासू अशीच गेली. जीभ सडली व्हती तिची. आमी लोकांला सांगितलं, ताप आला. नणंदेच्या छातीत गाठ व्हती, तिनं पदर बाजूला करून कुणाला दाखवलीच न्हाई."

"मंग लिवलं कामून न्हाई कुणी?"

"इचारलं कुणी? बाई कशानं मेली हे कोण इचारतंय? गडी जातेत, नाव सांगून येतेत."

साडभाऊंनी डोळे पुसले आणि वही काढली. माझ्या बायकोला ते आवडलं नाही, आजारी माणसाला असलं विचारतात का, असं तिचं म्हणणं. पण मामीच उशीला टेकून बसल्या. त्या दिवसापासून दर रविवारी हे दोघं बसायचे. मामी आठवायच्या आणि साडभाऊ लिहायचे. अमकीला तोंडाचं होतं, तमकीला पोटात गोळा, ही माझ्याबरोबर खुरपायला यायची, तिचं अंगावरचं जाणं थांबलंच नाही. त्यातल्या बऱ्याच जणी गावातल्या आमच्याच बौद्ध वस्तीतल्या, कुणी कधी मोजलेल्या नव्हत्या. एखादं नाव सुटलं की मामी दोन दिवस अस्वस्थ असायच्या आणि रविवारी साडभाऊ दारात दिसताच हात वर करून नाव सांगायच्या. त्यांचं बोलणं आपल्यासमोर कुणी कागदावर लिहितंय, ही त्यांना मोठी नवलाई होती. भाकरी बंद झाली, पेज बंद झाली, तरी रविवारची वाट बघणं बंद झालं नाही. शेवटी एकदा त्या बोटानं स्वतःकडे खूण करून म्हणाल्या, "आता मला बी लिवा. खरं लिवा." माझा मेहुणा, त्यांचा मुलगा, उंबऱ्यात उभा होता.

मामी पावसाळ्याआधीच गेल्या. नोंद करायला मेहुणा, साडभाऊ आणि मी असे तिघं गेलो. मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. घरात असला रोग आहे असं बाहेर गेलं तर सोयरीक मोडेल म्हणून 'ताप' सांगायचं, असं तो वाटेत आम्हाला म्हणाला होता. ग्रामसेवकानं टाक उचलला आणि साडभाऊंकडे बघितलं. हा माणूस तो शब्द देवळाच्या रांगेतसुद्धा बिनदिक्कत बोललेला; त्या दिवशी त्याच्या तोंडून तो निघेना. मग ते मेहुण्याला म्हणाले, "तू सांग. माय तुझी हाय." मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, "क्यान्सर. तोंडाचा." ग्रामसेवकानं तसं लिहिलं. सोयरीक मोडली नाही, हे इथंच सांगून टाकतो.

त्यानंतर सुटीच्या दिवशी साडभाऊ एस.टी.नं गावोगाव हिंडले. ग्रामसेवकांना गाठून म्हणायचे, पद्धत सोडा आणि सांगणाऱ्याला विचारा, कुठं दुखत होतं, किती दिवस, गाठ होती का, जेवता येत होतं का. काहींनी त्यांना चहा पाजला, काहींनी टाळलं. पण काहींनी खरंच विचारायला सुरुवात केली. पुढच्या तक्त्यात जिल्ह्याच्या रकान्यातला आकडा वाढला आणि वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला, की राज्याच्या आणि देशाच्या मानानं आजवर इतका चांगला असलेला जिल्हा एकाएकी का बिघडला. साडभाऊंनी एका ओळीचं उत्तर दिलं, की रोग वाढलेला नाही, लिहिणं वाढलेलं आहे. हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं. त्यांची बढती त्या वर्षी राहिली.

तो तक्ता घेऊन ते पाथरीला आमच्याकडे आले होते. जयभीम करून बसले, घडी उलगडली आणि जिल्ह्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "साडभाऊ, ह्यात मामी हायत." माझी बायको आतून हात पुसत आली. तिला आकडा वाचता येत होता. ती वाकून बघत राहिली आणि तिनं विचारलं, "यातली आई कोणती?" "ते कळत न्हाई, ताई," साडभाऊ हळूच म्हणाले. "आकड्यात सगळ्याजणी एकत्रच ऱ्हातेत." बायकोनं त्या आकड्यावर तळहात ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. साडभाऊंना तो तक्ता दुसऱ्या दिवशी कचेरीत परत न्यायचा होता, पण त्यांनी तिला हात काढ म्हणून सांगितलं नाही.