पुढच्या खोलीतला समुद्र

शिवबाईला वासाचं भारी वावडं. अक्कलकोटकडच्या एका खेड्यात, लिंगायत घरात ती वाढली. मासळी त्या घरानं कधी पाहिलीसुद्धा नव्हती. लग्न होऊन सोलापुरात आली, तरी मंगळवार बाजारात मासळीवाल्या बसत तेवढा भाग सोडून ती लांबून वळसा घालायची. अशा बाईच्या घरात तिच्या नवऱ्यानं समुद्र आणून ठेवला.

महादेवप्पा चादरींच्या कारखान्यात रंगारी होता. कामानिमित्त मुंबईला गेला, तिथं काचेच्या पेटीत समुद्रातले मासे बघितले आणि माणूस खुळावला. तशीच पेटी त्यानं घरी पुढच्या खोलीत मांडली. कारखान्याचा ट्रक रत्नागिरीला जायचा. बिरदेव ड्रायव्हरनं तिकडून कॅनमध्ये खारं पाणी आणलं, चार चिमुकले मासे आणले आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. फूल नुसतं म्हणायला. तो जीवच होता. मऊ बोटांनी सुकटीचा तुकडा धरायचा आणि मधल्या भोकात ओढून घ्यायचा. घरात सुकट आली म्हणून शिवबाईनं पुढची पूजा आतल्या खोलीत नेली आणि स्वतः मागच्या पडवीत जेवायला बसू लागली.

आणलेलं पाणी लवकरच नासलं. नवं पाणी घरीच करायचं ठरलं आणि तिथं मीठ आडवं आलं. महादेवप्पानं आधी स्वयंपाकातलं खडेमीठ विरघळवलं. सगळं मेलं. बिरदेवनं दुसरी खेप आणली, तेव्हा त्यानं रंगखात्यातलं, सुतावर रंग बसवायला वापरतात ते मीठ टाकलं. सुताला चालतं ते माशाला का चालू नये, असं त्याचं म्हणणं. तेही मेलं. मग कुणा प्राध्यापकाला विचारून तो औषधाच्या दुकानातून जुलाबाचं मीठ आणि आणखी कसल्या कसल्या पुड्या आणून तोलून कालवू लागला. समुद्रात एकच मीठ नसतं, हे त्याला समजलं होतं. कुठलं किती, ते समजत नव्हतं. तिसऱ्या खेपेचे मासे थोडे जास्त जगले, एवढंच.

मेल्यावर पेटी धुवायची शिवबाईनं. महादेवप्पा कामावर जायचा आणि ती नाकाला पदर बांधून फुगलेले मासे गाळणीनं काढायची. समुद्रफूल तर शेंबडासारखं विरघळलेलं असायचं, बोटांना चिकटून तार धरायचं. राखेनं चारदा हात घासले तरी भाकरी थापताना तिला स्वतःची किळस यायची.

पुढं एका डॉक्टरांच्या भावानं अमेरिकेहून तयार समुद्री मिठाचं खोकं आणून दिलं. या खेपेला बिरदेवनं नुसतं फूलच आणलं, आणि त्या मिठात ते मात्र जगलं. दुपारी पूर्ण उमलायचं, सुकट खाऊन झाली की मिटायचं. शिवबाईला ते आवडलं असं नाही, पण येता-जाता तिची नजर तिकडं जाऊ लागली.

ते मीठ संपत आलं. एका सकाळी महादेवप्पा मोरीत बसून त्यात निम्मं रंगखात्यातलं मीठ मिसळताना तिला दिसला.

"ह्यानं मरायचं की ते," ती म्हणाली.

"आता रुळलंय. त्याला काय कळतंय," तो हसत म्हणाला.

दोन-तीन दिवसांत फुलानं दगड सोडला. मग ते लोंबलं, पांढरं पडलं, आणि असा वास सुटला की शेजारणी विचारायला आल्या. महादेवप्पानं सवयीनं तिच्यासाठी बादली काढून ठेवली आणि कामावर जायला जेवणाचा डबा उचलला. शिवबाई दारात उभी राहिली. आजची किळस वासाची नव्हती.

"या खेपेला तुमी धुवा," ती सावकाश म्हणाली. "आधीचं चुकून मेलं, असं म्हणू. हे तुमी मारलंय. जगणारं मीठ कुठलं ते ठावं होतं तुमाला."

डबा ठेवून त्यानं बाह्या सारल्या. हे हात रोज कोपरापर्यंत रंगात बुडणारे. पण बोटात तो गोळा फुटला आणि महादेवप्पा मोरीकडं पळाला. ओकून आला, पुन्हा हात घातला, पुन्हा पळाला. शिवबाई उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. तिला दया आली नाही, आणि आपल्याला येत नाही याचं तिला नवलही वाटलं नाही.

संध्याकाळी त्यानं बिरदेवला जाऊन सांगितलं, आता काही आणू नकोस. पेटी त्यालाच देऊन टाकली. शिवबाईनं पुढची खोली फिनेलनं धुतली आणि पूजा परत तिथं मांडली. नवऱ्याशी ती पहिल्यासारखी बोलू लागली, पण त्याला पुष्कळ दिवस जावे लागले.