खानसाहेबांची तेरवी

भंडारा–लाखांदूर एसटीत एक गृहस्थ मला नेहमी भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावर इस्त्रीचा दुपट्टा, आणि काम म्हणाल तर गावोगावच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, भाषण करणं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा अर्धा इलाका गेला म्हणून ते हळहळले होते. मेलेला माणूस कितीही छळवादी असो, त्याचे तीन गुण ते शोधून काढायचेच आणि शेवटी हात जोडून म्हणायचे, "सर्वांनी जेवून जावे."

मी इतिहासाचा मास्तर. एकदा त्यांना चिडवलं, "चंगीझखानाच्या तेरवीत काय बोलाल हो? त्यानं शहरंच्या शहरं कापून काढली."

त्यांनी दुपट्टा झटकला, दांडा धरून उभे राहिले आणि घसा खाकरला.

"कैलासवासी खानसाहेब स्वभावाने थोडे कडक होते. पण त्यांनी वाटा सुरक्षित केल्या. घोड्यांवरून डाक सुरू केली. कोणाच्या देवाधर्मात ढवळाढवळ केली नाही. सर्वांनी जेवून जावे."

अख्खी बस हसली.

"आणि जे मेले त्यांचं काय?" मी विचारलं.

"सर, तेरवीले जिवंत मानसंच येतेत," ते खाली बसत म्हणाले. "कापलेल्यायले पंगतीत कोन बसवते?"

थापाड्या माणूस, असं मी मनात म्हटलं.

परवा एका मोठ्या इतिहासकाराचा जाडजूड ग्रंथ विकत आणला आणि खानावरचं शेवटचं प्रकरण उघडलं. वाटा, डाक, धर्म. मुद्दे तेच, क्रमही तोच. जेवायचं आमंत्रण तेवढं राहून गेलं होतं.