साडूने सोडवलेला नट

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

वालीवच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुना बुलडोझर आलाय. त्याची चेन ढिली पडलेली, आणि ती ताणायचा नट गंजून जाम. दोन दिवस घण घातले, पान्याला पाइप लावून लोंबकळलो, नट ढिम्म. शेवटी आज चिडून नट कापायला गॅस पेटवला.

तेवढ्यात शेठनी मला न सांगता बोलावलेला मेकॅनिक आला. माझाच धाकटा साडू, प्रकाश.

"दादा, गॅस बंद करा," तो हळूच म्हणाला. "मागे दाबलेली स्प्रिंग आहे. सुटली तर जीव जाईल."

मला हे माहीत होतं. रागात विसरलो होतो.

त्याने आटे घासले, तेल सोडलं आणि दोन तास शांत बसला. मग नट सोडवायच्या आधी केसभर आवळला. कट्ट आवाज झाला आणि नट फिरला.

"याला म्हणतात हात," शेठ म्हणाले. पंचवीस वर्षांत माझ्यासाठी हे वाक्य कधी निघालं नाही.

घरी बायकोला सांगितलं, नट सुटला. ती म्हणाली, "हो, प्रकाशने सोडवला ना? धाकटीचा फोन आला होता."

ज्याने जीव वाचवला त्याचाच राग येतो, असं तुमचं कधी झालंय का?