उजवी पाकळी

सर, तुम्ही या विषयात कसे आलात, असं विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी सांगायचो, "देवाने पाठवलं." वर्गात हशा पिकायचा. सैद्धांतिक पदार्थविज्ञान शिकवणारा, देवळाकडे न फिरकणारा आणि खडू मोडला तरी चिडणारा मास्तर देवाचं नाव घेतो, याचीच त्यांना गंमत वाटायची. मग मी पाकळीची गोष्ट सांगायचो. तीसेक वर्षं सांगितली, दरवर्षी थोडा मीठमसाला वाढवून. ती गोष्ट मुळातच चुकीची होती हे मला बाबांनी सांगितलं, आणि तेही मी साठीकडे झुकल्यावर.

आमचं घर धारगळला. आता तिथून मोठा महामार्ग जातो आणि तो ओलांडायचा तर म्हाताऱ्या माणसाला कुणाचा तरी हात धरावा लागतो. माझ्या लहानपणी त्याच रस्त्याच्या कडेला आम्ही भात वाळत घालत असू. थोडी शेती होती, उतारावर काजूची झाडं होती, पण तेवढ्यावर भागत नसे. म्हणून बाबा डिचोलीकडच्या एका खाणीवर ट्रक चालवायचे. खनिज भरायचं, नदीच्या धक्क्यावर नेऊन बार्जजवळ ओतायचं, पुन्हा मागे. आठवडाभर ते खाणीवरच राहायचे आणि शनिवारी घरी यायचे, तेव्हा त्यांच्या कानांच्या मागेसुद्धा तांबडी धूळ असायची. आई म्हणायची, "ह्यांका धुवूक बसलंय तर बांय आटतली." बाबा हसत विहिरीवर जायचे आणि बराच वेळ पाणी ओतत राहायचे.

मी बी.एस्सी. झालो तेव्हा खाणीच्या साहेबाने बाबांना बोलावून घेतलं. प्रयोगशाळेत माणूस हवाय, मुलाला घेऊन ये, म्हणाला. काम काय, तर खनिजाचे नमुने दळून त्यात लोखंड किती ते बघायचं. पण बाबांना आभाळ ठेंगणं झालं. ज्या खाणीवर आपण आयुष्यभर धूळ खाल्ली तिथे पोरगा पांढरा कोट घालून पंख्याखाली बसणार! त्या शनिवारी म्हापशाहून त्यांनी माझ्यासाठी काळे बूट आणले. मापाला थोडे मोठेच होते.

नेमकं त्याच आठवड्यात मला पत्र आलं होतं. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेने माझी निवड केली होती. मुलाखतीला मी घरी न सांगता गेलो होतो. बेळगावला मित्राच्या बहिणीचं लग्न आहे, असं ठोकून दिलं होतं. लग्नात काय वाढलं होतं तेही आईला तपशीलवार सांगितलं होतं. त्या बुटांसमोर बसून मला ते पत्र वाचून दाखवावं लागलं.

बाबा आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "थंय काय करतलंस?"

"विचार."

"कसलो?"

"हां जग कशाचां बनलां, त्याचो."

बाबा खरोखरच कुतूहलाने म्हणाले, "आणि तां समाजल्यार काय होतलां?"

इतकी वर्षं झाली, या प्रश्नाला धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तेव्हा तर मी विशीतला, अंगात मस्ती. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुमकां नाय कळूचां," म्हणालो. आईने कपाळाला हात लावला. बाबांनी बूट उचलून कोनाड्यात ठेवले. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

"बरां," बाबा म्हणाले. "देवाक इचारूया."

आमच्या भागात मोठी गोष्ट ठरवायची तर ग्रामदेवतेचा प्रसाद घेतात. लग्न, घराचा पाया, भावांतली वाटणी, सगळं. भटजी पिटकुळीच्या फुलांच्या ओल्या पाकळ्या मूर्तीच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला चिकटवतात. ज्याला विचारायचं तो समोर उभा राहून प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्यावर चर्चा नाही. देवाने दिलेला शब्द मोडणारा माणूस आमच्या गावात मी तरी पाहिला नव्हता.

माझा विश्वास नव्हता, पण नको म्हणायची छातीही नव्हती. सोमवारी सकाळी बाबांनी खाणीवरची पाळी चुकवली आणि आम्ही तिघं देवळात गेलो. पाकळ्या चिकटवल्यावर भटजी म्हणाले, "घाला प्रश्न." बाबा म्हणाले, "मनात घालतंय." तशीही पद्धत आहे. शिवाय प्रश्न काय आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तो मोठ्याने विचारायची गरजच काय?

बाबा हात जोडून उभे राहिले आणि मी मागे उभा राहून पदार्थविज्ञान केलं. समई उजवीकडे होती. त्या बाजूची पाकळी आधी वाळणार. दरवाजातून येणारा वाराही त्याच बाजूला लागत होता. उजवी पडायला हवी, असं माझं गणित सांगत होतं, आणि तरी मी तेच गणित मनात पुन्हा पुन्हा करत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कुणीतरी कळशी खाली ठेवली तो आवाजही स्पष्ट ऐकू आला. मग उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"उजवी!" भटजी म्हणाले.

बाबा लगेच वळले नाहीत. वळले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"जा म्हणता," ते म्हणाले.

मी गेलो. पुढची गोष्ट माझ्यासारख्या शंभर जणांची असते. पाच वर्षं संशोधन, मग दोन थंड देशांत चार वर्षं, मग परत येऊन त्याच संस्थेत नोकरी. माझी अवजारं म्हणजे कागद आणि पेन्सिल. पस्तिशीच्या आसपास मी आणि दोन सहकाऱ्यांनी गणितातून असं दाखवलं, की एक अगदी हलका कण असायला हवा. तो कशाशी फारसा बोलत नाही, सगळ्यातून आरपार जातो, म्हणून आजवर कुणाला दिसलेला नाही. निबंध गाजला. मी तो कण असा डोक्यावर घेतला, की पुढची पंचवीस वर्षं दुसरं काही केलंच नाही.

सुट्टीत घरी आलो की बाबा विचारायचे, "गावलो तुजो कण?" मी सांगायचो, अजून नाही. त्यांना त्याचं नवल वाटत नसे. खाणीत खनिज शोधताना आधी भोकं मारतात, दहा ठिकाणी माती लागते, मग एखाद्या ठिकाणी माल लागतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. परदेशात आमचा कण पकडण्यासाठी यंत्र उभारायचं ठरलं, तेही जमिनीखाली खोल, एका बंद पडलेल्या खाणीत, हे सांगितलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे अखेरीक खाणीतच गेलंस मां!" त्यानंतर चहाच्या टपरीवर बसणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींत मी खाणीवरचाच माणूस झालो.

एक गोष्ट माझ्या नजरेला पडत होती, पण मी तिचा विचार केला नाही. त्या सोमवारनंतर बाबा देवळात आत जात नसत. जत्रा असो की पालखी, ते पायरीवर थांबायचे, तिथूनच हात जोडायचे. पुढे ट्रक उलटून त्यांचा पाय मोडला, तेव्हा आम्ही म्हणायला लागलो की पायामुळे चढवत नाही. आईचं दुखणं सुरू झालं तेव्हा तिच्यासाठी नारळ ठेवायलाही त्यांनी शेजारच्या चुलतभावाला पाठवलं. पाय मोडण्याआधीची कितीतरी वर्षंही ते पायरीवरच होते, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणे निरीक्षणावर जगणारा माणूस.

आई गेली. खाणीही बंद पडल्या. आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या यंत्राचा निकाल लागला. निकाल म्हणजे एक आलेख. आमचा कण जिथे जिथे असू शकत होता तिथे त्यांनी पाहिलं होतं, आणि तिथे काही नव्हतं. अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं सगळं. सहकारी म्हणाले, नाही हेसुद्धा ज्ञानच असतं. हेच मी विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. स्वतःवर आल्यावर ते वाक्य किती पोकळ लागतं ते कळलं. मी चिडलो, मग महिनाभर कुणाशी बोललो नाही, मग सुट्टी टाकून धारगळला आलो. त्या निकालाचा निबंध बॅगेत होता. का आणला होता, देव जाणे.

बाबा तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. सोप्यावर खुर्चीत बसून असायचे, पाय सुजलेले. पेडण्याच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हृदय दमलंय, आता जितके दिवस तितके. सकाळी पाव विकणारा पदेर सायकलचा हॉर्न वाजवत यायचा, मी गोल, कडक उंडे घ्यायचो आणि बाबा ते चहात बुडवून खायचे. दात फारसे राहिले नव्हते, पण उंड्याची हौस होती.

अशाच एका सकाळी ते म्हणाले, "बाबू, तुका एक सांगूचां आसा. हसू नको."

"सांगा."

"ती पाकळी. मी देवाक काय इचारलेलंय म्हायत आसा?"

"जाऊ दे काय म्हणान."

"नाय. झिलाक हंयसरच ठेवू काय, असां इचारलेलंय."

मला उलगडा व्हायला वेळ लागला. इतके निबंध लिहिलेला माणूस मी, पण शाळेतल्या पोरासारखं मनात बोटं मोजत बसलो. उजवी म्हणजे होय. होय म्हणजे ठेव. देवाने मुलाला इथेच ठेव म्हटलं होतं. समई, वारा, ओलावा, उत्तराबद्दल मी सगळं तपासलं होतं. प्रश्न काय होता ते एकदाही विचारलं नव्हतं.

"मगे तुमी जा म्हणान कित्याक सांगलात?"

"तुजां तोंड बगलंय," बाबा म्हणाले. "भटजी उजवी म्हणाले आणि तुजां तोंड असां फुललां... तुका वाटलां, जावक गावलां. त्या तोंडाक नाय म्हणूचां माज्यान जमलां नाय."

ते सांगत राहिले. देवाच्या तोंडावर खोटं बोललो, मग कुठल्या तोंडाने आत जाणार? ट्रक उलटला तेव्हा त्यांना वाटलं, हा त्याचा दंड. आईचं दुखणं आलं तेव्हाही तेच. आईला कधी सांगितलं नाही, ती घाबरली असती. चाळीस वर्षं हा माणूस एकट्याने हे ओझं वाहत होता आणि मी त्यावर वर्गात विनोद करत होतो. मला रडू फुटलं. त्यांच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवून मी रडलो, आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग त्यांनी विचारलं, "आता खरां सांग. जां सोदूक गेल्लंस, तां गावलां?"

बॅग आत पलंगाखाली होती. खरं सांगणं कठीण नव्हतं. भोक मारलं, माती लागली, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना कळलं असतं, कुठल्याही प्राध्यापकापेक्षा नीट कळलं असतं. आणि खोटं बोलणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. दशांशातला शेवटचा आकडा बदलला म्हणून मी विद्यार्थ्यांना हाकलून दिलेलं आहे. पण बाबा कणाबद्दल विचारत नव्हते. देवाचा शब्द मोडला तो वाया तर गेला नाही ना, एवढंच त्यांना जायच्या आधी कळून घ्यायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"गावलां," मी म्हणालो.

"खाणीत?"

"खाणीत."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. देवळात वळून पाहिलं होतं, तसेच. मग त्यांनी उंड्याचा तुकडा चहात बुडवला, सावकाश खाल्ला, हात पुसले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं खोकला आला, पण ते हसत होते.

"बाबू," ते म्हणाले, "मी पण असांच सांगललंय. तोंडाकडे बगून."