प्लस-प्लस आधी की नंतर?

कॉम्प्युटरवाल्यांकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, ऐकणारं माणूस जवळ उरलं नाही की किस्से नुसते साठत जातात! आमच्या राजारामपुरीतल्या क्लासचेच घ्या. ऐंशीचं दशक संपत आलेलं, मशीन एकच, चपला बाहेर काढून आत यायचं. शिकवायला आम्ही दोघं, मी आणि दस्तगीर.

'सी' भाषेत आकडा एकानं वाढवायला प्लस-प्लस लावतात. आकड्याच्या आधी लावलं तर आधी वाढ, मग वापर. नंतर लावलं तर आधी जुनाच आकडा वापरायचा, वाढ मागाहून. एवढंच! पण पोरांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

*

मशीनवर बसायचे नंबर द्यायला दस्तगीरनं प्रोग्राम लिहिला. सुरुवात शून्यापासून आणि प्लस-प्लस नंतर. कळंब्याचा पाटील सगळ्यात आधी आला, त्याला नंबर मिळाला शून्य!

"शून्य? म्हंजे आज आमचा नंबरच न्हाय की!" म्हणत गडी चपला घालून जिना उतरला. दस्तगीर अनवाणी धावला आणि चौकातून त्याला धरून आणलं. शून्य म्हणजे पहिला नंबर हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून सगळेच भांडायला लागले, "सर, मला शून्यच पायजे!"

*

आमच्या खानावळीच्या आक्का भाकरी आधी ताटात टाकायच्या आणि मग विचारायच्या, "वाढू व्हय?"

दस्तगीर म्हणाला, "आक्कांचं प्लस-प्लस आधी!" आक्कांना वाटलं, पोरगं शिवी देतंय. त्या रागात त्यांनी आणखी एक भाकरी टाकली!

*

"आन् तुझं कायम नंतर," दस्तगीर मला म्हणायचा. खरंच होतं. कुणी टोमणा मारला की मला उत्तर सुचायचं ते खोलीवर गेल्यावर. खोलीत मी एकटाच. मागं-पुढं कुणी नाही. जिवाभावाचा म्हणावा असा तो एकच.

*

त्याला मुंबईत नोकरी लागली. मी पेढा खाल्ला, पाठ थोपटली. स्टँडवर त्याची ट्रंक टपावर चढवून दिली.

खिडकीतून तो म्हणाला, "काय बोलायचं असंल तर बोल की आता."

मी म्हणालो, "पाणी घेतलंस न्हवं?"

तो मग हसला. गाडी सुटली, वळली, दिसेनाशी झाली.

"दस्तगीर, जाऊ नगंस की रं!" मी ओरडलो.

शेजारची पेरूवाली पाटी उचलत म्हणाली, "पावणं, गाडी गेली की!"